पुरलेले तालांत कोणाचे?

जून महिन्यातील एका संध्याकाळी मिस्सा आटोपून मी चर्चच्या आवारात उभा होतो. आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन भेटायला आले. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात ते पंचवीस वर्षे पाळ्यांमध्ये काम करीत आले आहेत. मुलगी नुकतीच बी.एस्सी. उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली होती. तिला पुण्यास जाऊन जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करायचे होते आणि जमल्यास पुढे संशोधनही. वडिलांना निर्णय घेता येत नव्हता. पैशांची ओढाताण होतीच. पण त्याहून मोठी काळजी म्हणजे मुलगी एकटी राहणार, वय वाढणार, लग्नाचे लांबणार. ते म्हणाले, "फादर, आता तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणाल तसे करू."

मी क्षणभर विचार केला आणि माझ्या मते फार शहाणपणाचा सल्ला दिला. म्हटले, "बाळ, घाई कशाला? एक वर्ष इथेच थांब. एखाद्या कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी कर. वर्षभरानंतरही ही ओढ टिकली, तर जा. खरी ओढ असेल तर ती टिकेलच." वडिलांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. मुलगी मात्र काही वेळ गप्प राहिली आणि मग अगदी नम्रपणे म्हणाली, "फादर, दादा इंजिनिअरिंगला पुण्याला गेला, तेव्हा तुम्ही त्याला वर्षभर थांबायला सांगितले होते का?"

मी सांगितले नव्हते. खरे तर त्याच्या वेळी मला कोणी विचारायलाही आले नव्हते. त्याचे गुण तिच्यापेक्षा कमी होते आणि खर्च अधिक होता. तरी तो जाणार हे गृहीत होते. मी काहीतरी हसून वेळ मारून नेली. पण तो प्रश्न मात्र त्या दिवसापासून माझ्या मनातून हललेला नाही. त्या कुटुंबाच्या परवानगीने आणि कोणाचेही नाव न घेता ही गोष्ट येथे लिहीत आहे, कारण हा प्रश्न एका घरापुरता नाही.

पुढे काही महिन्यांनी, धर्मग्रामातील तरुणांच्या मेळाव्यासाठी तयारी करीत असताना, डॉ. कमला सोहोनी यांची जीवनकथा पुन्हा माझ्या वाचनात आली. पूर्वीही ती मी ऐकली होती, नव्हे एका भाषणात सांगितलीही होती. या खेपेस मात्र ती वाचताना मला कथेतील नायिकेऐवजी तिच्यासमोरचा दरवाजा अडवून उभा असलेला मनुष्य अधिक ओळखीचा वाटला.

ती कथा थोडक्यात अशी. कमलाबाई या माहेरच्या भागवत. जन्म इंदूरचा. ज्येष्ठ लेखिका आणि लोकसाहित्याच्या अभ्यासक दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकलेले. कमलाबाईंनी १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी संपादन केली आणि त्या गुणवत्ता यादीत अग्रस्थानी आल्या. ज्या संस्थेत वडील आणि काका शिकले, तेथेच आपणही संशोधन करावे, या इच्छेने त्यांनी बंगळूरला अर्ज केला. त्या वेळी संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन, १९३० सालचे नोबेल पारितोषिक मिळविलेले, साऱ्या देशाचे भूषण. त्यांनी अर्ज नाकारला. कारण एकच: अर्जदार मुलगी आहे. गुणांविषयी काही वाद नव्हता.

कमलाबाई बंगळूरला जाऊन त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि नकाराचे कारण विचारू लागल्या. गांधीयुगातील ती मुलगी होती. तिने सत्याग्रहाचा मार्ग धरला. अखेर रामन यांनी प्रवेश दिला, पण अटींवर. एक वर्षभर तिला नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री-अपरात्रीही, काम करावे लागेल. आणि तिच्या वावरामुळे प्रयोगशाळेतील पुरुष संशोधकांचे चित्त विचलित होता कामा नये. कमलाबाईंनी अटी मान्य केल्या. श्रीनिवासय्या यांच्यासारख्या कडक पण न्यायी मार्गदर्शकाच्या हाताखाली त्यांनी दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. वर्ष संपल्यावर रामन यांचे समाधान झाले. त्यांचा प्रवेश नियमित झाला आणि पुढे त्या संस्थेचे दार इतर मुलींसाठीही उघडले. १९३६ साली कमलाबाईंना एम.एस्सी. पदवी मिळाली.

ही कथा आपण सहसा येथे थांबवून टाळ्या वाजवतो. "बघा, तिने करून दाखवले!" असे मुलींना सांगतो. मीही तसेच सांगितले होते. पण त्या जूनमधल्या प्रश्नानंतर मला वाटू लागले की ही टाळी घाईची आहे. तिने करून दाखवले हे खरे. पण करून दाखवण्याची पाळी तिच्यावर का यावी? जे तिच्या शेजारच्या बाकावर बसणाऱ्या मुलाला गुणपत्रिका दाखवताच मिळाले, ते तिला गुणपत्रिका दाखवूनही वर्षभर उधारीवर का मिळावे? नीतिशास्त्राच्या भाषेत प्रश्न असा मांडता येईल: न्याय हा माणसाने आधी कमवावयाचा असतो, की तो त्याला आधी द्यावयाचा असतो?

यावर एक आक्षेप लगेच येईल, आणि तो मी स्वतःच स्वतःशी घेतला होता. कसोटीचा काळ सर्वत्रच असतो. कारखान्यात नवा कामगार आधी तात्पुरता घेतात. गुरुविद्यालयात आम्हां उमेदवारांनाही वर्षानुवर्षे पारखले गेले. व्रतस्थ जीवनात प्रवेश करणाऱ्या धर्मभगिनींना नवदीक्षितांचा काळ काढावाच लागतो. मग कसोटीत अन्याय कोणता?

कसोटीत अन्याय नाही. ती एकाच बाजूला लावण्यात अन्याय आहे. गुरुविद्यालयात माझी परीक्षा झाली, ती माझ्या शेजारच्याचीही झाली. उंच आणि ठेंगणे, शहरातले आणि पाड्यावरचे, सर्वांना एकच मोजपट्टी होती. जी परीक्षा सर्वांना आहे ती परीक्षा होय. जी एकाच गटाला आहे ती परीक्षा नव्हे, तो संशय होय; आणि परीक्षा कितीही चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली तरी आपल्यावर संशय घेतला गेला होता, ही गोष्ट पुसली जात नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा’ या ग्रंथात न्यायाची जी व्याख्या स्वीकारली आहे, ती आम्हांला गुरुविद्यालयात पहिल्याच वर्षी शिकवली गेली: ज्याचे जे आहे ते त्याला देण्याची स्थिर आणि अखंड इच्छा म्हणजे न्याय. त्याच ग्रंथात पुढे ते न्यायाच्या विरोधी असलेल्या एका दुर्गुणाचा विचार करतात. मराठीत त्याला आपण तोंड पाहून वागणे असे म्हणू. त्याचे जे उदाहरण थॉमस देतात ते आपल्या विषयाला इतके जवळचे आहे की मी ते पुन्हा वाचताना थबकलो. ते म्हणतात की एखाद्याला अध्यापकपद दिले आणि ते त्याच्या पुरेशा विद्वत्तेकडे पाहून दिले, तर योग्य कारणाकडे पाहिले गेले. पण तो अमुक माणूस आहे, पेत्र आहे की मार्टिन आहे, एवढ्याच कारणाने दिले, तर तोंड पाहून वागण्याचे पाप घडले. सातशे वर्षांहून अधिक जुने हे उदाहरण आहे. बंगळूरच्या त्या कार्यालयात १९३३ साली नेमके हेच घडले. फरक एवढाच की तेथे तोंड पाहून दिले गेले नाही, तोंड पाहून नाकारले गेले.

पण प्रामाणिक माणसाने येथेच थांबून चालणार नाही. ज्या संत थॉमस यांनी हा दुर्गुण इतक्या स्वच्छपणे ओळखला, त्यांनीच त्याच ग्रंथात स्त्रीच्या उत्पत्तीविषयी लिहिताना ॲरिस्टॉटलच्या जीवशास्त्राचा आधार घेतला आणि स्त्रीदेहाच्या घडणीत काही उणेपण असल्याची कल्पना बऱ्याच अंशी स्वीकारली. सूर्यप्रकाशाच्या किरणांचे रहस्य उलगडणाऱ्या रामन यांना आपल्या दारातील मुलीचे तेज दिसले नाही. याचा अर्थ हे दोघे लहान होते असा नव्हे. मोठ्या बुद्धीच्या घरातही एखादी खोली अंधारी राहू शकते, आणि त्या खोलीत आपण दिवा नेत नाही, कारण तेथे अंधार आहे हेच आपल्याला ठाऊक नसते. माझ्यासारख्या सामान्य धर्मगुरूच्या घरात अशा किती खोल्या असतील!

संस्थांचेही तसेच आहे. कमलाबाई १९३७ साली केंब्रिजला गेल्या आणि न्यूनहॅम कॉलेजात दाखल झाल्या. तेथे त्यांनी प्रथम डॉ. डेरेक रिश्टर आणि नंतर डॉ. रॉबिन हिल यांच्यासमवेत वनस्पतींच्या ऊतींवर काम केले. बटाट्यावर प्रयोग करीत असताना त्यांना ‘सायटोक्रोम सी’ हा पदार्थ आढळला. प्राण्यांच्या पेशींत श्वसनक्रियेच्या वेळी जी रासायनिक देवाणघेवाण चालते, तिच्यात त्याचा वाटा असतो. तोच वनस्पतींच्या पेशींतही आपले काम करीत असतो, हे त्यांनी दाखवले. अवघ्या चौदा महिन्यांत आणि सुमारे चाळीस पानांच्या प्रबंधात हे काम पूर्ण करून १९३९ साली त्यांनी पीएच.डी. मिळविली. विज्ञानशाखेत ही पदवी मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणून त्यांची गणना होते. तरीही त्याच केंब्रिज विद्यापीठाने स्त्रियांना पूर्ण सदस्यत्व दिले ते १९४८ साली. म्हणजे जेथे त्यांच्या बुद्धीला मान मिळाला, तेथेही त्यांच्या जातीच्या बायकांना अजून पूर्णपणे घरचे मानलेले नव्हते.

आणि आपली ख्रिस्तसभा? आपल्याही घराचा हिशेब मांडला पाहिजे. बोलोन्या हे नगर पोपमहाशयांच्या राज्यात असताना तेथील विद्यापीठाने १७३२ साली लॉरा बास्सी या विदुषीला पदवी आणि अध्यापनपद दिले. पुढे पोप बेनेडिक्ट चौदावे झालेले कार्डिनल लाम्बेर्तिनी तिचे पाठीराखे होते. ही आपल्या अभिमानाची गोष्ट आहे. पण तिने जाहीर व्याख्याने द्यावयाची ती केवळ निमंत्रणावरून, असे बंधनही तिच्यावर होते, हेही सांगितले पाहिजे. आविलाची संत तेरेजा १५८२ साली निवर्तली. प्रार्थनेविषयीच्या तिच्या शिकवणीवर पिढ्यान्‌पिढ्या पोसल्या गेल्या. परंतु तिला ख्रिस्तसभेची आचार्य ही पदवी मिळाली १९७० साली. त्याच वर्षी सिएनाच्या संत कॅथरीनलाही मिळाली. तोवर या पदवीचे सर्व मानकरी पुरुष होते. कमलाबाईंची परीक्षा एक वर्ष चालली. आपण संत तेरेजेची परीक्षा ३८८ वर्षे चालवली.

अर्थात ख्रिस्तसभा शिकत आली आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आधुनिक जगाविषयीच्या आपल्या दस्तऐवजात स्पष्ट केले की लिंगावरून होणारा भेदभाव देवाच्या योजनेविरुद्ध आहे, आणि पुरुषाच्या बरोबरीचे शिक्षण स्त्रीला नाकारले जाते याबद्दल तेथे खेद व्यक्त केला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ साली जगातील स्त्रियांना पत्र लिहिले. स्त्रियांच्या प्रतिष्ठेचा जो अवमान इतिहासात झाला, त्यात ख्रिस्तसभेच्या सदस्यांचाही दोष असेल, तर त्याबद्दल त्यांनी मनःपूर्वक दिलगिरी व्यक्त केली. एका पोपमहोदयांना जे लिहिण्यात कमीपणा वाटला नाही, ते अंबडच्या एका धर्मगुरूला का वाटावे?

मूळ प्रश्नाकडे पुन्हा वळू आणि तो उलटून पाहू. समजा, त्या एका वर्षात कमलाबाई अपयशी ठरल्या असत्या. प्रकृती बिघडली असती, प्रयोग फसला असता, किंवा त्या केवळ मध्यम प्रतीच्या विद्यार्थिनी निघाल्या असत्या. प्रयोगशाळेत दरवर्षी कितीतरी मुलगे मध्यम प्रतीचे निघतात. मग काय झाले असते? त्यांचे एकटीचे दार बंद झाले नसते. त्यांच्यामागून येणाऱ्या सर्व मुलींचे बंद झाले असते. "पाहिलेत ना, आम्ही संधी देऊन बघितली" असे म्हटले गेले असते. मुलगा नापास होतो तेव्हा तो एकटा नापास होतो. मुलगी नापास होते तेव्हा मुली नापास होतात. एकवीस-बावीस वर्षांच्या एका मुलीच्या खांद्यावर आपण साऱ्या पिढीचे ओझे ठेवले, आणि ती मोडली नाही म्हणून तिचे कौतुक करतो. ओझे कोणी ठेवले, हे विचारत नाही.

म्हणूनच मला वाटते की न्यायाची खरी खूण असामान्य मुलीला दार उघडण्यात नाही. असामान्य माणूस कधी ना कधी भिंतीतूनही वाट काढतो. सामान्य मुलीला, सामान्य मुलाइतकेच सहज, आत येता येते का, चुकता येते का, चुकून पुन्हा उभे राहता येते का, ही न्यायाची खूण आहे.

शिवाय एकदा उघडलेले दार उघडेच राहते असेही नाही. रामन यांच्याच हाताखाली १९४० पासून संशोधन केलेल्या ॲना मणी या केरळमधील सीरियन ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेल्या. हिरे आणि माणके यांच्या प्रकाशगुणांवर त्यांनी निबंध प्रसिद्ध केले, प्रबंध सादर केला; परंतु एम.एस्सी. नसल्याच्या कारणावरून मद्रास विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. दिली नाही. पुढे पुण्यास हवामान खात्यात राहून त्यांनी देशाला हवामानाची उपकरणे देशातच बनवून दिली. कमलाबाईंच्या वाट्यालाही दुसरे बंद दार आले. त्या मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. संचालकपदाला सर्वथा पात्र असूनही ते पद त्यांच्यापर्यंत पोचायला चार वर्षे अधिक लागली. केंब्रिजहून पदवी घेऊन आलेल्या, नावाजलेल्या प्राध्यापिकेलाही पुन्हा दारात थांबावे लागले.

आता त्या दारातून आत गेलेल्या बाईने काय केले ते पाहू. भारतात परतल्यावर दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात आणि नंतर कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत त्यांनी काम केले. १९४७ साली श्री. मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह होऊन त्या मुंबईला आल्या. येथे त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेत जे पदार्थ आणले, त्यांची यादी एखाद्या गरीब घरच्या स्वयंपाकघराची वाटावी: कडधान्ये, तांदळाचे पीठ, नीरा, ताडगूळ. कडधान्यांमध्ये प्रथिनांच्या पचनाला अडथळा आणणारे काही घटक असतात. त्यांचा त्यांनी अभ्यास केला. नीट शिजवल्याने असे घटक बऱ्याच अंशी निष्प्रभ होतात. आपल्या आज्या कडधान्ये भिजवून, मोड आणून, मऊ शिजवत, त्यामागे किती शहाणपण होते, हे अशा संशोधनाने समजते. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेवर काम हाती घेतले. तिच्यात जीवनसत्त्वे आणि लोह चांगल्या प्रमाणात असते, आणि आदिवासी भागातील कुपोषित मुले व गरोदर स्त्रिया यांच्या आहाराला तिची स्वस्त जोड देता येईल, असे त्यांनी दाखवून दिले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. मुंबईच्या आरे दूध प्रकल्पालाही त्यांचे मार्गदर्शन लाभले. आमच्या नाशिक जिल्ह्यातील पाड्यांवर ज्यांनी काही वर्षे सेवा केली आहे, त्यांना एका गरोदर मातेच्या आहारात थोडे लोह वाढणे म्हणजे काय, हे समजावून सांगण्याची गरज नाही.

१९६६ साली मुंबईत काही स्त्रियांनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही ग्राहकांची संस्था स्थापन केली. कमलाबाई संस्थापक सदस्यांपैकी होत्या. १९८२-८३ मध्ये त्या तिच्या अध्यक्षा झाल्या आणि तिच्या ‘कीमत’ या नियतकालिकातून ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी लिहीत राहिल्या. केंब्रिजची विद्या त्यांनी बाजारात पिशवी घेऊन निघालेल्या गृहिणीच्या हाती दिली. ज्ञान हे दान आहे आणि दान वाटल्यानेच पुरे होते, असे आपण प्रवचनात म्हणतो. त्यांनी ते करून दाखवले.

येथे मला प्रभू येशूचा तालांतांचा दाखला आठवतो. तालांत हे त्या काळचे मोठे चलन होते. धनी परगावी जाताना आपल्या दासांकडे पाच, दोन आणि एक असे तालांत सोपवतो; पहिले दोघे ते वाढवतात, तिसरा भीतीने जमिनीत पुरून ठेवतो आणि धन्याच्या रोषास पात्र होतो. या दाखल्यावर मी तीस वर्षे प्रवचने देत आलो. दरवेळी माझा रोख त्या तिसऱ्या दासाकडे असे: आपले दान पुरू नका, आळस करू नका. पण त्या दासाने निदान स्वतःचा तालांत पुरला होता. दुसऱ्याच्या हातातील तालांत घेऊन जो पुरतो, त्याचे काय? मुलीला देवाने पाच तालांत दिले, आणि बापाने, भावाने, संस्थेच्या संचालकाने किंवा धर्मगुरूने, तेही भीतीपोटीच, तिच्या वतीने खड्डा खणला, तर धनी परत आल्यावर हिशेब कोणाला मागेल? तिला नक्कीच नाही. तिच्याजवळ पुरलेले असे काहीच नसेल. तिच्या नखांत मातीही नसेल. माती आमच्या नखांत असेल.

तथापि एक सावधगिरी सांगतो. कमलाबाईंनी पुढे समाजाचे इतके भले केले म्हणून त्यांना प्रवेश देणे योग्य होते, असे मी म्हणत नाही. तसे म्हटले तर आपण पुन्हा तेथेच येतो: उपयोगी ठरलीस, म्हणून माफ. काहीही मोठे न करता एखाद्या शाळेत शांतपणे विज्ञान शिकवत त्यांचे आयुष्य गेले असते, तरी १९३३ साली ते दार उघडणेच न्याय्य होते. माणूस देवाच्या प्रतिरूपात निर्माण झाला, आणि पवित्र शास्त्राच्या पहिल्याच अध्यायात तो नर आणि नारी असा निर्माण झाला. ती प्रतिष्ठा कोणी मिळवलेली नाही. ती मिळालेली आहे. जी गोष्ट देवाने विनाअट दिली, तिला आपण अटी लावणारे कोण?

बेथानीच्या घरातील प्रसंग आपण सर्वांना ठाऊक आहे. मार्था कामाच्या धांदलीत होती आणि तिची बहीण मरिया प्रभूच्या चरणांजवळ बसून ऐकत होती. पुष्कळदा आपण या प्रसंगातून काम आणि प्रार्थना यांची तुलना करतो. पण त्या काळी एखाद्याच्या चरणांजवळ बसणे याचा अर्थ त्याचा शिष्य होणे, असा होता. संत पौल आपण गमालिएलच्या चरणांपाशी शिकलो असे सांगतो ते याच अर्थाने. ती जागा विद्यार्थ्याची होती आणि रूढीप्रमाणे पुरुषाची होती. मरिया तेथे जाऊन बसली. प्रभूने तिला उठवले नाही. वर्षभर बसून बघ, मग पाहू, असेही म्हटले नाही. उलट, तिने निवडलेला हा वाटा तिच्याकडून काढून घेतला जाणार नाही, असे तिच्या वतीने सर्वांसमोर सांगितले. सर्व विश्वाचा गुरू जे दार विनाअट उघडतो, त्यावर पहारा बसवण्याचा अधिकार त्याच्या सेवकाला कोणी दिला?

कमलाबाईंनी रामन यांना क्षमा केली होती का, हे मला सांगता येणार नाही. पण त्यांनी ती गोष्ट झाकली नाही एवढे निश्चित. उतारवयात स्त्री वैज्ञानिकांच्या एका कार्यक्रमात त्यांनी रामन यांची थोरवी मान्य केली आणि केवळ स्त्री म्हणून मिळालेली ती वागणूक आपण विसरू शकत नाही, तो आपला मोठा अपमान होता, असेही स्पष्टपणे सांगितले. काहींना यात कटुता दिसेल. मला सत्यनिष्ठा दिसते. क्षमा म्हणजे विस्मरण नव्हे. जखम नव्हतीच असे म्हटल्यावर क्षमा करायला उरते तरी काय? १९९८ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार केला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांचे निधन झाले. दारात थांबवून ठेवलेल्या माणसाला आपण आदराने आत बोलावतो, तेव्हा बहुधा संध्याकाळ झालेली असते.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी मी त्या गृहस्थांच्या घरी गेलो. मुलगी कंपनीच्या दर्जा-तपासणी विभागातून नुकतीच घरी आली होती. मी दोघांसमोर म्हटले की मी दिलेला सल्ला चुकीचा होता; तो शहाणपणाचा नव्हता, भीतीचा होता, आणि तिच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे होते. वडील संकोचले. धर्मगुरूने आपल्या घरात बसून असे बोलावे याची त्यांना सवय नव्हती. खरे तर मलाही नव्हती. मुलीची आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती तोवर एकाही वेळी या चर्चेत बोलली नव्हती, आणि आम्हीही तिला कधी विचारले नव्हते. ती म्हणाली, "फादर, माझे अकरावीला नाव घालायचे होते. तेव्हा आमच्या फादरांनी बाबांना सांगितले, एक वर्ष थांबा." मग ती चहा ठेवायला आत गेली.

पुढच्या जूनमध्ये मुलगी पुण्यास गेली. आता ती चांगली शिकते आहे की मध्यम, हे मी मुद्दामच विचारत नाही. ते विचारण्याचा मला अधिकार नाही. तिचे एक वर्ष मात्र माझ्याकडे राहिले आहे. ते मी तिला परत देऊ शकत नाही. परंतु दर जून महिन्यात निकाल लागल्यावर आमच्या आवारात कोणी ना कोणी बाप आपल्या मुलीला घेऊन येतो. तेव्हा काहीही बोलण्यापूर्वी मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: हेच मी तिच्या भावाला सांगितले असते का? उत्तर नाही असे आले, तर मी गप्प राहतो आणि ऐकतो. वाचक बंधुभगिनींनो, आपल्या घरातही हा प्रश्न विचारून पाहावा. आणि स्वयंपाकघराच्या दारात कोणी उभे असेल, तर आधी तिला विचारावे.